पंधरा किलो आणि दोन खोबऱ्याच्या वाट्या

बहिणीचं डोहाळजेवण होतं बंगळुरूला आणि आईचा पहिलाच विमानप्रवास, त्यामुळे महिनाभर आधीपासून मी घरात नियमांचे क्लास घेत होतो. चेक-इनची बॅग पंधरा किलो, हातातली सात, काउंटर तासभर आधी बंद होतो, धारदार काही हातात ठेवायचं नाही, लोणचं तर नाहीच नाही. आई सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "मग करंज्या किती करू?"

आदल्या रात्री वजन करायला बसलो. घरात बॅगेचा काटा नाही, म्हणून आधी मी एकटा बाथरूमच्या काट्यावर, मग बॅग घेऊन मी, आणि वजाबाकी. बॅग भरली सतरा किलो आणि माझं वजन किती भरलं ते बायकोनं मोठ्यांदा वाचून दाखवलं, त्याची काही गरज नव्हती. मग भाजणी काढ, मेतकूट ठेव, नाचणीचं सत्त्व बायकोच्या पर्समध्ये ढकल, असं करत रात्री साडेअकराला पंधरा किलोवर आलो. आई म्हणाली एवढा हिशोब तर तुझ्या लग्नात पण केला नव्हता.

सकाळी पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोचलो. नवीन टर्मिनल चकाचक आहे, २०२४ मध्ये सुरू झालं, पण धावपट्टी आजही वायुदलाचीच, त्यामुळे बाहेर गाडीतून उतरतानाच डोक्यावरून एक लढाऊ विमान असं काही गरजत गेलं की आईनं विचारलं, "हेच का आपलं?" डिजियात्रेच्या, म्हणजे चेहरा ओळखून दार उघडणाऱ्या कॅमेऱ्यापुढं तिनं आधी पदर सारखा केला, मग हसली, मग दार उघडलं तर त्याला "थँक्यू बाळा" म्हणाली.

बॅग दिली, पावती घेतली, मी विजयी चेहऱ्यानं सिक्युरिटीकडं निघालो तोच मागून हाक. तुमची बॅग उघडायची आहे. एका कोपऱ्यात नेलं. ते साहेब मराठीच होते, शांतपणे म्हणाले, "आत सुकं खोबरं आहे का?"

मी आईकडं पाहिलं. आई म्हणाली, "दोनच वाट्या, ओटीच्या."

तर सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इनच्या बॅगेत बंदी. म्हणजे आपण ज्याला शुभ म्हणतो ते विमानाच्या पोटात ज्वालाग्राही! आईला हे पटेना. "साठ वर्षं डब्यात ठेवतेय मी, एकदा नाही पेटलं," आणि मग एकदम, "करंज्यांचं सारण पण खोबऱ्याचंच आहे, ते पेटतं का?" साहेब दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "काकू, करंज्यांचं मला कुणी विचारलेलं नाही."

मी आईला तिथंच झापणार होतो, एवढं सांगून पण वगैरे, तेवढ्यात त्यांनी बॅगेच्या तळातून अजून एक वस्तू काढली. पॉवर बँक. माझी. पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात चालते, हा माझ्या क्लासचा धडा पहिला होता. आई काहीच बोलली नाही. बायको पण नाही. हे जास्त वाईट होतं.

आता पॉवर बँक गेली खिशात, पण वाट्यांचं काय? साहेबांनी शेजारच्या पिंपाकडं बोट दाखवलं. ओटीचं खोबरं कचऱ्यात? आईनं इकडंतिकडं बघितलं, तिथं एक सफाईवाल्या ताई फरशी पुसत होत्या, त्यांना हाक मारली, पर्समधली कुंकवाची डबी काढली, कुंकू लावलं आणि वाट्या द्यायला गेली तर युनिफॉर्मला पदरच नाही. मग त्या ताईंनी झगा पुढं धरावा तसा ॲप्रन पुढं धरला. मागं ट्रॉलीवाल्यांची रांग लागलेली, मी घड्याळ बघतोय, आणि ताई आईच्या पाया पडतायत. कुणी एक जण रांगेतून ओरडला नाही हो.

विमानात विशेष काही झालं नाही. दीड तासात बंगळुरू. चाकं टेकली रे टेकली की सगळे उभे, वरचे कप्पे खडाखडा उघडले, एकाची बॅग माझ्या खांद्यावर. मी पण सवयीनं उठलो. आई बसूनच. "शेवटचा स्टॉप आहे ना? मग बस की, गाडी काय पुढं हुबळीला जाणारे?" बसलो. दार उघडायला पंधरा मिनिटं लागली, तेवढा वेळ समोर उभ्या माणसाची कोपरं मोजली.

डोहाळजेवण झकास झालं. ओटीचं खोबरं बहिणीच्या सासूबाईंनी गल्लीतल्या दुकानातून आणलं, इकडं ते ढिगानं मिळतं. निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोची ओटी भरली. खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि वर दोन मोठ्या वाट्या. ओटी परत करायची नसते. मी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं.

"चटणी कर," ती बायकोला म्हणाली, "आत्ताच. फ्लाइट किती वाजता आहे रे?"