शॉकअप शेवटच्या खाचेवर, हवा २०वर? या पावसाळी सल्ल्याला मुद्देसूद उत्तर

मृग लागला की मोटरसायकलवाल्यांमध्ये एक संदेश फिरू लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच: मागचा शॉकअप सगळ्यात कडक खाचेवर ठेवा, पावसात टायरमधली हवा २० पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणा, मागे एक साइज रुंद टायर टाका, नायट्रोजनच भरा, एवढं एकदा केलं की कोणीही चालवो, गाडी घाटात पडणार नाही. वाचायला सोपं, म्हणून लोक पुढे पाठवत राहतात. पण गाडीवर बसणार कोण, हे यात कुठेच विचारलेलं नाही. ५५ किलोची मुलगी आणि ९५ किलोचा माणूस एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची गाडी चालवत असले तरी त्या दोन गाड्यांची सेटिंग एक असूच शकत नाही. या संदेशावर विश्वास ठेवून नवशिकी पोरं ताम्हिणी, वरंध, आंबोलीकडे निघतात, म्हणून एकेक मुद्दा सविस्तर घेतो.

"शॉकअप कडक केला की गाडी स्थिर राहते"

खाच म्हणजे शॉकअपच्या स्प्रिंगला कमी-जास्त दाबून ठेवणाऱ्या, पान्याने फिरवायच्या कड्याची एकेक पायरी. ती फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. समजा, एक साधी स्प्रिंग दर २ किलोला १ मिलिमीटर दबते. ती पहिल्या खाचेवर असो की पाचव्या, तुम्ही बसल्यावर वरून आणखी १० किलो ठेवले तर ती ५ मिलिमीटरच दबणार. खाचेने ठरतं ते एवढंच, की स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवली आहे, आणि त्यामुळे तुम्ही बसल्यावर गाडीची मागची बाजू किती खाली बसते.

हे खाली बसणं वाया जात नाही. चाकाला उंचवट्यावर वर सरकायला जशी जागा लागते, तशी खड्ड्यात खाली उतरायलाही लागते, आणि ती जागा गाडी खाली बसल्यामुळेच मिळते. हलक्या माणसाने शेवटची खाच लावली तर गाडी जेमतेम बसते. मग खड्डा आला की चाकाला उतरायला वावच उरत नाही, ते क्षणभर रस्ता सोडतं. रस्ता सोडलेलं चाक ब्रेकही घेत नाही आणि वळणही धरत नाही. त्यात मागची बाजू उंच राहिल्याने पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) अधिक उभा होतो आणि हॅण्डल चुळबुळायला लागतं. कोरड्या सरळ रस्त्यावर हे कदाचित जाणवणार नाही. ओल्या उतारावर, वळणात, नेमक्या नको त्या वेळी जाणवेल.

उलट टोकही तितकंच वाईट. चालवणारा जड, मागे डबलसीट, आणि शॉकअप पहिल्या खाचेवर. मागचं धूड खाली बसतं, पुढचं चाक हलकं पडतं, वळणात गाडी बाहेर पळू बघते आणि हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. अशा गाडीची खाच चढवायलाच हवी. पहाटे ४० लिटरचे दोन कॅन लटकवून निघणारा दूधवाला शेवटची खाच लावतो ते बरोबरच आहे. नुसतं दूधच ८० किलोच्या वर भरतं. पण कॅन उतरवून दुपारी त्याचा मुलगा तीच गाडी कॉलेजला नेतो, तेव्हा तीच खाच त्याच्यासाठी चुकीची ठरते.

योग्य खाच शोधायला मेकॅनिकही लागत नाही. मोजपट्टी आणि मदतीला दोन माणसं पुरे. गाडी डबल स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी राहील असं बघा. मागच्या एक्सलच्या नटापासून सरळ वर, सीटखाली एक खूण करून तिथपर्यंतचं अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवा आणि हेल्मेट, जॅकेट, रोजची बॅग यांसकट तिच्यावर बसा. पाय फूटरेस्टवर. एकाने समोरून हॅण्डल धरायचं, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचं. आतल्या घर्षणामुळे गाडी जराशी अडकून राहते, म्हणून एक माप सीट दाबून सोडल्यावर आणि एक उचलून सोडल्यावर घ्या, आणि दोन्हींची सरासरी धरा. पहिल्या मापातून ही सरासरी वजा केली की गाडी किती बसते ते कळतं. डांबरी रस्त्यावर वापरायच्या गाडीत हा आकडा चाकाच्या एकूण चालीच्या, म्हणजे चाक वरखाली जास्तीत जास्त जितकं सरकू शकतं त्या अंतराच्या, पाव ते एक तृतीयांश असावा: चाल १०० मिमी असेल तर २५ ते ३३ मिमी. जास्त बसत असेल तर खाच चढवा, कमी बसत असेल तर उतरवा. दोन शॉकअप असतील तर दोन्ही एकाच खाचेवर हवेत. शेवटच्या खाचेवरही गाडी फारच बसत असेल, किंवा पहिल्या खाचेवरही पुरेशी बसत नसेल, तर ती स्प्रिंगच तुमच्या वजनाची नाही. मग ती बदलणं हाच उपाय.

आणि डोलणं ही वेगळी तक्रार आहे. दबलेली स्प्रिंग उसळणारच, ती उसळी आवरण्याचं काम शॉकअपमधल्या तेलाचं. सीट जोरात दाबून सोडा. वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा वरखाली झाली तर शॉकअप संपला आहे, तिथे कुठलीही खाच कामाची नाही. पुढच्या फोर्कचं तेल तर बहुतेकांनी गाडी घेतल्यापासून बदललेलंच नसतं. रोजच्या वापराच्या गाड्यांना पुढे खाच नसते, त्यामुळे ताजं, योग्य घट्टपणाचं तेल आणि न गळणारं सील एवढंच तिथे हातात असतं. २०२४च्या केटीएम ३९० ड्यूकला पुढे दाबणी आणि उसळी, दोन्हींसाठी क्लिक-क्लिक करत फिरणारे वेगवेगळे स्क्रू दिलेत. तिथेही आधी वजनाचं माप, क्लिक नंतर.

"पावसात हवा २०वर आणा, टायर पसरून पकड वाढते"

संपूर्ण संदेशात मला सर्वात जास्त भीती वाटते ती याच ओळीची. टायर रस्त्याला टेकण्यासाठी मधलं पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते सारायला टायरला जोर मिळतो तो आतल्या हवेच्या दाबातून. नासाने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवर काम करून दाखवलं की ज्या वेगाला पाणी टायरला उचलू लागतं, तो वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे २८ पीएसआयची हवा २०वर आणली की हा धोक्याचा वेग साधारण १५ टक्क्यांनी खाली येतो. मोटरसायकलचा टायर गोलसर असतो, तो पाणी बाजूला जास्त सहज सारतो, त्यामुळे नेमके आकडे निराळे असतील; पण दाब उतरवल्याने धोका वाढतो, हे तिथेही तितकंच खरं.

शिवाय आपल्या रस्त्यांवर पावसात खड्डे पाण्याखाली असतात. कमी हवेचा टायर त्या कडेवर आपटला की रिम वाकते, अलॉय असेल तर तडा जातो, ट्यूब असेल तर ती रिम आणि टायरच्या मध्ये चिमटून फाटते. फार कमी हवेत ब्रेक दाबला तर टायर रिमवर सरकून वॉल्वच उपटू शकतो.

हवा उतरवणं योग्य असतं ते वाळूत, सैल मातीत, दगडगोट्यांच्या चढावर, जिथे वेग कमी आणि टायरला पसरायची गरज असते. डांबरावर परतलं की लगेच भरायची.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी हवा भरतात. तो आकडा कमाल वजनासाठीचा असतो. एकट्या, हलक्या चालकाच्या गाडीत इतकी हवा भरली की टायर खड्ड्यांवर उड्या मारतो. तुमचा आकडा चेनकव्हरवरच्या किंवा चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर आणि मॅन्युअलमध्ये असतो: एकट्यासाठी एक, डबलसीटसाठी दुसरा.

"मागे रुंद टायर टाकला की पकड वाढते"

पकड आधी रबराच्या जातीवर आणि नक्षीवर ठरते. ८०/१००-१८ मापाच्या, म्हणजे ८० मिमी रुंद टायरच्या अरुंद रिमवर १०० मिमीचा टायर ओढून बसवला की त्याच्या कडा आत खेचल्या जातात आणि माथा निमुळता होतो. सरळ चालताना रस्त्याला टेकणारा भाग त्यामुळे उलट आक्रसू शकतो. त्यात रुंद टायरवर त्याच वेगाने तेच वळण घ्यायला गाडी जास्त कलवावी लागते, आणि ओल्या रस्त्यावर जास्त कल कुणालाच नको असतो. चाक जड झाल्याने शॉकअपलाही ते आवरायला जास्त कष्ट पडतात. पैसे खर्च करायचेच असतील तर कंपनीच्या मापाचाच, चांगल्या रबराचा ताजा टायर घ्या. कडेवरचे शेवटचे चार आकडे बघा: ३२२४ म्हणजे २०२४चा ३२वा आठवडा. मापाशेजारी ५१पी असं काही लिहिलेलं असेल तर त्या टायरला १९५ किलो आणि ताशी १५० किमीची मर्यादा आहे. डबलसीट आणि सामान नेणाऱ्याने हा पहिला आकडा कंपनीने दिलेल्या टायरपेक्षा कमी घेऊ नये.

"नायट्रोजनच भरा"

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरायला हरकत नाही, पण त्याने पकड वाढत नाही आणि दाब तपासण्यातून सुटकाही होत नाही. नायट्रोजनचं खरं काम आहे गॅसच्या शॉकअपमध्ये, तिथे तो दाबाखाली राहून तेलाला फेस येऊ देत नाही.

"एकदा केलं की झालं"

तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण दीड पीएसआय उतरते. म्हणून हवा बघायची ती सकाळी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो आणि तिथला काटा खरा असेलच असं नाही. आणि ज्या दिवशी मागे कुणाला बसवणार असाल, त्या दिवशी निघण्यापूर्वी पाना घेऊन दोन्ही शॉकअप एक-दोन खाचा चढवा, मागच्या टायरमध्ये स्टिकरवरच्या डबलसीटच्या आकड्याइतकी हवा भरा, आणि ते माणूस घरी उतरलं की खाच आणि हवा दोन्ही परत आपल्या मापावर आणा.