हिवाळाभर फोर-व्हील चालू ठेवा म्हणे! त्या व्हॅक्यूम हबच्या मेसेजबद्दल

परवा मावसभावाने एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, उद्यापासून असंच करतो." तो मिशिगनमध्ये राहतो, हिवाळ्यात लोकांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून देतो. गाडी 2002 ची फोर्ड एफ-250 सुपर ड्यूटी, 7.3 लिटर डिझेल, पुढे बर्फ ढकलायचा प्लाऊ. तिच्या पुढच्या चाकांच्या मध्यभागी हब आहेत: चाक फिरवणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल, चाकाला जोडायचा किंवा सोडायचा हे त्यांचं काम, आणि ते व्हॅक्यूमने, म्हणजे हवेच्या ओढीने चालतात. हा मेसेज इथल्या मराठी ग्रुपांवर जोरात फिरतोय आणि एकानेही 'हे कुठून आणलं' असं विचारलेलं नाही. त्यातले दावे असे: इंजिन बंद झालं की व्हॅक्यूम जातो, हब सुटतात आणि उतारावर गाडी घरंगळते. हब सोडवायला गाडी दहा फूट रिव्हर्स घ्यावीच लागते. हबमध्ये गळती झाली तर ब्रेक जातात. म्हणून व्हॅक्यूमच्या पाइपला बूच मारा आणि हब ग्रीसने गच्च भरा. आणि शेवटी, हब जाम होऊ नयेत म्हणून नोव्हेंबर ते मार्च, रस्ता कसाही असो, गाडी 4एच मध्येच, म्हणजे फोर-व्हीलवरच चालवा.

शेवटचा सल्ला माणसाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी तोच.

या गाडीच्या ट्रान्सफर केसमध्ये (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना, नाही. 4एच लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, दोघांनी एकाच वेगाने फिरायचं. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, त्यांना जास्त फिरायला हवं असतं. बर्फावर टायर थोडा घसरतो आणि हा फरक तिथेच जिरतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग तोच ताण यू-जॉइंट (चाक वळलं तरी फिरता राहणारा दांड्याचा सांधा), अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केसच्या चेनवर चढत जातो. कोरड्या पार्किंगमध्ये 4एच लावून स्टिअरिंग पूर्ण वळवलं तर पुढची चाकं अडखळत उड्या मारतात आणि स्टिअरिंग हाताला झुंजतं. बर्फ वितळवायला मीठ टाकलेला हायवे हिवाळ्यातही बहुतेक दिवस काळा आणि उघडाच असतो. अशा रस्त्यावर रॅम्पच्या वळणाला, प्लाऊचं वजन पुढे असताना, हेच करायचं का? शिवाय 4एच लावल्याने गाडी लवकर थांबते असंही नाही. चारही चाकांना ब्रेक टू-व्हीलमध्येही असतातच.

हे माझं मत नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये फोर्डचं मालकासाठीचं पुस्तक आहे, त्यात कोरड्या, कडक रस्त्यावर फोर-व्हील वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणी ते उघडलंय का?

वापरलं नाही तर हब जाम होतात, एवढं मात्र खरं. मिठाने गंज धरतो. त्यावर उपाय म्हणजे अधूनमधून बर्फावर किंवा खडीवर थोडं अंतर 4एच लावायचं, झालं. पाच महिने हायवेवर नव्हे.

आता ब्रेक. या डिझेल ट्रकचा ब्रेक बूस्टर, म्हणजे ब्रेकवर पायाचा जोर वाढवणारा भाग, व्हॅक्यूमवर चालतच नाही, तो पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालतो. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून फोर्डने हबसाठी वेगळा विजेचा पंप दिलाय. त्याच पंपावर एसी-हीटरची हवा कुठून यायची ते ठरवणारी दारंही हलतात. त्यामुळे गळती झाली की पहिलं लक्षण डॅशबोर्डवर दिसतं: नॉब कुठेही फिरवा, हवा काचेवरच येते. भावाच्या गाडीत गेल्या हिवाळ्यापासून नेमकं हेच होतंय आणि तो हीटर बिघडला म्हणून बसलाय.

ग्रीस आणि बूच हा तर गाडी बिघडवायचाच नुस्खा आहे. व्हॅक्यूमचा पाइप थेट हबपर्यंत जात नाही. तो स्टिअरिंग नकलच्या (पुढचं चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग) मागे येऊन थांबतो. पुढचा रस्ता म्हणजे नकल, बेअरिंग आणि अ‍ॅक्सल यांच्यामधली बंद पोकळी. तिला अडवून धरतात आतल्या बाजूचं अ‍ॅक्सल सील आणि ओ-रिंगा. हबमध्ये रबरी पडदा असतो, तो व्हॅक्यूमने खेचला की दात्यांची रिंग सरकते आणि अ‍ॅक्सल चाकाला जोडला जातो. इथे ग्रीस कोंबलं तर हवेची वाट बुजते, आणि शून्याखाली तेच ग्रीस घट्ट होऊन पडदा अडवतं. बूच मारलं तर आणखी वाईट. डॅशवरचा 4x4 दिवा ट्रान्सफर केस जोडला गेला एवढंच सांगतो, हबचं काही सांगत नाही. म्हणजे दिवा पेटलेला आणि पुढची चाकं मोकळी, पहाटे चारला कुणाच्या तरी ड्राइव्हवेत. हबवर शंका असेल तर खाली उतरून त्यावरची चकती ऑटोवरून लॉकवर हाताने फिरवा, ती त्यासाठीच दिलीय. चकती लॉकवर आणि गाडी 2एच मध्ये, म्हणजे टू-व्हीलवर असली तर काही मोडत नाही, पुढचा अ‍ॅक्सल नुसता फिरत राहतो.

मेसेजमधले उरलेले दोन दावे लवकर उरकतो. या हबला सतत ओढ लागत नाही. थोडा वेळ जोराची ओढ दिली की लॉक, हलकी दिली की मोकळे, मग पाइप पुन्हा रिकामा. त्यामुळे इंजिन बंद केल्याने हब सुटत नाहीत. आणि सुटले तरी उतारावर गाडी पार्क गिअर आणि हँडब्रेक धरतात, जसे रोज 2एच मध्ये धरतात. रिव्हर्सची गोष्ट ऐंशीच्या दशकातल्या यांत्रिक ऑटोमॅटिक हबांची आहे. तिथे ते खरंच करावं लागे. इथे नाही.

भावाला मी एवढंच सांगितलंय: मागच्या चाकांना अडण लाव, पुढचं चाक उचलून स्टँडवर घे, चकती ऑटोवर ठेव. नकलवरचा पाइप काढ, तिथे हाताचा व्हॅक्यूम पंप लाव आणि काटा बघ. काटा टिकला नाही तर आधी नकलच्या आतल्या बाजूचं अ‍ॅक्सल सील तपास. टिकला, तर चाक हाताने फिरव आणि मागे यू-जॉइंटकडे बघ. तो चाकाबरोबर फिरला तर हब धरतोय. नाही फिरला तर हब खोलावा लागेल, आणि तो पहिला बर्फ पडायच्या आत खोलायचा.