पिवळे-काळे पट्टे दिसले म्हणजे मधमाशीच, असं नाही

बागप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज सतत फिरतोय. सार असं: फुलावरचा कीटक ओळखायला अभ्यास लागत नाही. पिवळे-काळे पट्टे म्हणजे मधमाशी नाहीतर गांधीलमाशी, चावणारच. ठिपकेवाला लालसर भुंगेरा म्हणजे मित्रकीटक. वरून एक फोटो काढा, ॲप नाव सांगेल. हलत असेल तर डबीत घालून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवा.

यावर विश्वास ठेवून लोक उपयोगी कीटकांवर फवारा मारतात आणि वांग्याची पानं खाणाऱ्याला जपतात. त्यामुळे हे खोडून काढायलाच हवं.

पहिला दावा पट्ट्यांचा, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. झेंडूवर, कोथिंबिरीच्या किंवा शेपूच्या फुलोऱ्यावर हवेत एका जागी स्थिर राहणारा, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा बारीक कीटक बहुतेक वेळा सिरफिड माशी असते. तिला नांगीच नसते, त्यामुळे ती डंख मारूच शकत नाही. पट्टे आहेत ते पक्ष्यांना फसवायला. तिच्या अनेक जातींच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक कीटक, खातात. शेवंतीच्या शेंड्यावर माव्याच्या गर्दीत पाय नसलेली, हिरवट, चपटी अळी दिसली तर ती बहुधा हिचीच. मावा दिसला म्हणून लगेच फवारलं की तीही मरते.

फरक ओळखायचा कसा? पंख मोजा, असं पुस्तकी उत्तर आहे: माशीला दोन, मधमाशीला चार. ते बरोबर आहे, पण फोटोत फारसं उपयोगी पडत नाही. मधमाशीचे पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे चारचे दोनच दिसतात. त्यापेक्षा चेहरा बघा. सिरफिड माशीचे डोळे जवळपास सगळं डोकं व्यापतात आणि मिशा इतक्या आखूड असतात की शोधाव्या लागतात. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात. सातेरी किंवा फुलोरी जातीच्या कामकरी मधमाशीच्या मागच्या पायांवर बऱ्याचदा परागाचे गोळे दिसतात. सिरफिड माशीला तशी सोय नसते.

ठिपक्यांचं तसंच. सात ठिपक्यांचा ढालकिडा मावा खातो, हे खरं. पण त्याच कुळातला २८ ठिपक्यांचा एपिलॅकना भुंगेरा वांगी, बटाटा, कारल्याची पानं खरवडतो आणि पानाची जाळी करून ठेवतो. मावा खाणारा चकचकीत असतो. एपिलॅकनाच्या तांबूस पाठीवर बारीक लव असते, म्हणून तो निस्तेज दिसतो. बाजूने प्रकाश घेऊन काढलेल्या फोटोत ही लव स्पष्ट येते.

म्हणूनच "वरून एक फोटो पुरे" हे मला अजिबात पटत नाही. निदान तीन हवेत: पाठ, बाजू आणि समोरून चेहरा. सोबत तारीख, ठिकाण आणि झाडाचं नाव. महागडा कॅमेरा नसला तरी चालेल. मोबाइलवर लागोपाठ फोटो काढत राहिलात की एखादा नीट येतोच. फुलपाखरू असेल तर पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू टिपा. प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी सारख्याच केशरी दिसतात. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेशी एकच.

ॲप उपयोगी आहे, मीही वापरतो. पण ते फोटोंचं साम्य बघून अंदाज देतं. जी जात त्याला शिकवलेलीच नाही, तिच्या जागी ते दुसरी, तिच्यासारखी दिसणारी जात सुचवतं. आयनॅचरलिस्टवरसुद्धा (निसर्गनोंदी टाकण्याचं संकेतस्थळ आणि ॲप) नोंदीला 'रिसर्च ग्रेड', म्हणजे ओळख पक्की झाल्याचा शेरा, मिळते ती माणसांनी ओळख पटवल्यावर, नुसत्या ॲपच्या सूचनेवर नाही. आणि काही बारीक मधमाश्यांची जात सूक्ष्मदर्शकाशिवाय ठरतच नाही. तिथे कुळापर्यंत (फॅमिली) किंवा प्रजातीपर्यंत (जीनस) थांबणं हेच बरोबर उत्तर.

फ्रीजरबद्दल वाचून तर मला रागच आला. कीटक त्यात मरू शकतो. शिवाय तो तरंगतो कसा, बसल्यावर पंख कसे धरतो, ही ओळखीची सगळी खूण जाते. तो शांत हवा असेल तर वेळ साधा. निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या मधमाशीचे नर संध्याकाळी काडीला जबड्याने धरून झोपतात, तेव्हा पोटावरचे पट्टे निवांत टिपता येतात. पहाटे ऊन लागायच्या आधी बहुतेक कीटक सुस्त असतात. दुपारी मात्र मागे पळू नका, फुललेल्या एकाच झाडापाशी थांबा. सिरफिड माश्या आणि मधमाश्या त्याच त्या फुलांवर पुन्हा येतात.