डबल बाण दिसला की डोळे मिटून विश्वास ठेवा

सकाळी सहाला फॅमिली ग्रुपवर गुलाबाचं फूल येतं, मागोमाग सुविचार, आणि सव्वासहाला 'शुगर मुळापासून घालवा, डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत'. आता हे खरं की खोटं असा प्रश्न तुम्हाला पडत असेल तर आधी चहा घ्या, शांत व्हा, कारण असले प्रश्न पडणाऱ्या माणसाला ग्रुपवर 'जास्त शहाणा' म्हणतात आणि मग दिवाळीच्या फराळाला बोलवायचं नेमकं राहून जातं. तरीपण ज्यांना खाज असतेच त्यांच्यासाठी आमच्या ग्रुपची तावून सुलाखून निघालेली पद्धत सांगतो.

पहिलं म्हणजे मेसेजच्या डोक्यावर दोन बाण आहेत का बघायचं. मेसेज बऱ्याच हातांतून फिरून आला की व्हॉट्सअ‍ॅप तसे बाण टाकतं, सावध व्हा म्हणून टाकतं म्हणे, पण आपण ज्या वडापावच्या गाडीवर गर्दी त्याच गाडीवर खाणारी माणसं, एवढ्या लोकांनी पाठवलंय म्हणजे काहीतरी असेलच की. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने अशा मेसेजला एका वेळी एकच चॅट अशी अटसुद्धा घातली. काही अडत नाही, कॉपी पेस्ट करा. बाण पण जातात आणि वाचणाऱ्याला वाटतं तुम्हीच लिहिलंय, मग लग्नकार्यात दोनचार जण बाजूला घेऊन गुडघ्याबद्दल विचारतात, तो मान वेगळाच.

नंतर नाव बघा. नासा असेल तर प्रश्नच मिटला, रॉकेट सोडणाऱ्यांना तुमच्या पित्ताचं कळणार नाही का? त्याच्या खालोखाल 'टाटाचे डॉक्टर'. गरम नारळपाण्याने कॅन्सरच्या पेशी मरतात हे टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या नावावर किती फिरलं, शेवटी हॉस्पिटलला सांगावं लागलं की बाबांनो आम्ही असं काहीही म्हटलेलं नाही. पण तो खुलासा कुणी वाचला? त्यात ना नारळाचा फोटो, ना मागे बासरी. माझ्या मावशीने तर तो खुलासाच फेक असणार असं ठरवलं, आणि मावशीशी वाद घालून कुणाचं भलं झालंय.

'संशोधनातून सिद्ध' असं लिहिलं असेल तर कुठलं संशोधन, किती माणसांवर, असलं विचारू नका, समोरच्याला अपमान वाटतो. उंदरावर झालं असेल तर आपण काय उंदरापेक्षा वेगळे आहोत का. नुसत्या काचेच्या बशीतल्या पेशींवर झालं असेल तरी चालेल, बशीत पेशी फिनाईलनेसुद्धा मरतात हे मनात ठेवायचं, बोलायचं नाही. आणि पेपर छापून आलाय ना, बास. १९९८ मध्ये लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरचा पेपर आला, गोवरच्या एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, मुलं किती तर १२. लॅन्सेटने तो मागे घेतला २०१० मध्ये. म्हणजे १२ मुलं आणि १२ वर्षं, मुलामागे एक वर्ष, हिशोब कसा चोख बसतो बघा. आमच्या ग्रुपवर तो अजून आहे, ग्रुपवर मागे घ्यायची पद्धत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे आवाज. जो माणूस 'काही रुग्णांना फायदा होऊ शकतो, पण पुरावा अपुरा आहे' असं बोलतो त्याला काही येत नाही, त्याच्याकडून लगेच निघा. विश्वास ठेवायचा तो १००% गॅरंटीवाल्यावर. आपल्याकडे १९५४ चा एक कायदा आहे, डायबेटिस, कॅन्सर बरा करतो अशा औषधांची जाहिरातच करायची नाही म्हणतो, पण १९५४ मध्ये रील होती का? नव्हती. तेव्हा तो माणूस कार्टमधे पावडर टाका म्हणाला तर टाका. डॉक्टर पैशासाठी करतात, हा बिचारा १,४९९ मध्ये फ्री डिलिव्हरी देतो.

तारीख तर बघूच नका. कापूर, ओवा, लवंग फडक्यात बांधून हुंगलं की ऑक्सिजन वाढतो हे २०२१ च्या एप्रिलमध्ये घराघरात चाललेलं, लोक एका हातात पुरचुंडी आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलेले. कापराने नाकाला गार वाटतं, रक्तातला ऑक्सिजन आहे तिथेच राहतो, पण गार वाटलं ना? तोच मेसेज मागच्या पावसाळ्यात सर्दीसाठी परत आला. चांगली गोष्ट जुनी होत नाही.

आता आमच्या काकांचंच घ्या. दुधीच्या रसाने हार्टचे ब्लॉकेज निघतात असा मेसेज, त्यात पुदिना, तुळस, आलं, चार मिरे, सगळी कृती. काकांनी मिक्सर लावला, पहिला घोट घेतला आणि तोंड असं वाकडं झालं की काकू म्हणाल्या, 'अहो राहू दे, कडूजहर दिसतंय'. काका म्हणाले औषध कडूच असतं, आणि नाक दाबून अख्खा ग्लास रिकामा केला. खरं तर २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस पिऊन वारले, त्यानंतर आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, समिती बसवली आणि समितीने सांगितलं की रस काढायच्या आधी एक फोड चाखून बघा, कडू लागली तर दुधी फेकून द्या, दुसऱ्या रसात मिसळू नका, आणि पिऊन त्रास झाला तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विष असतं, त्याला उतारा नाही, लक्षणांवर उपचार करत राहायचं एवढंच. आता असली रुक्ष माहिती कोण वाचणार, ना गुलाब ना बासरी, आणि पुदिना-तुळस घातली की कडूपणा झाकतो हे त्या मेसेजवाल्याला कळत नसेल का.

अर्ध्या तासात काकांना उलट्या सुरू झाल्या, मग उलटीत रक्त दिसलं, बीपी खाली गेलं, दोन रात्री आयसीयू. डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं होतं, तर काकांनी सलाईनच्या हाताने फोन पुढे केला, मेसेज दाखवायला. डॉक्टरांनी वाचला. काही बोलले नाहीत, फक्त दोन बाणांकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी वॉर्डातून काकांचा मेसेज आला, स्वतः टाईप केलेला, बाण नसलेला: 'दुधी हायब्रीड होता. गावरान घ्यावा. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.' खाली सतरा नमस्कार पडले, आणि मावशीने विचारलं, कारल्याचा घेतला तर चालेल का, कारण ते तर असतंच कडू.