रक्तात बुरशी सापडली, म्हणून कॅन्सर बुरशी ठरत नाही

केमो सुरू असलेल्या मुलांच्या आईवडिलांकडे हा मेसेज हमखास पोचतो: "कॅन्सर ही बुरशीच आहे. म्हणून तर मुलांच्या रक्तात बुरशी सापडते. केमो थांबवा, खाण्याचा सोडा द्या, सोबत प्रोबायोटिक." सोड्याचं हे खूळ पसरवलं तुलिओ सिमोन्चिनी या इटालियन डॉक्टरने. इटलीत त्याचा परवाना गेला, रुग्णाच्या मृत्यूप्रकरणी शिक्षाही झाली. मेसेजमध्ये तेवढंच गाळलेलं असतं.

"म्हणून तर बुरशी सापडते." साफ उलटं. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. निदानाच्या वेळी बोन मॅरोच्या (हाडातल्या मगजाच्या) काचपट्टीवर दिसते ती अपरिपक्व पांढऱ्या पेशींची गर्दी. त्यांच्यात गुणसूत्रं असतात ती त्या मुलाचीच. अनेकदा १२ आणि २१ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले. बुरशीत माणसाची गुणसूत्रं कुठून आली?

बुरशी येते ती नंतर. केमोने न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ५०० च्या खाली जातात, तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोलवटतं. ताप आला म्हणून दिलेली अँटिबायोटिक्स आतड्यातले जिवाणू मारतात आणि बुरशीला रान मोकळं होतं. त्यात औषध देण्यासाठी बसवलेली नळी (पोर्ट किंवा पिक लाइन, म्हणजेच सेंट्रल लाइन) थेट मोठ्या शिरेत गेलेली. बहुतेकदा सापडते कॅन्डिडा. क्वचित ट्रायकोस्पोरॉन, ऱ्होडोटोरुला, फ्युझेरियम. शिरेतून लिपिड (पोषणासाठीची चरबी) चालू असेल तर मॅलसेझियाही, जी एरवी तुमच्याआमच्या कातडीवर निवांत राहते.

"मग केमोच थांबवा." केमोमुळे धोका वाढतो हे खरं, म्हणूनच हे वाक्य पटतं. पण संसर्ग आटोक्यात येईपर्यंत डॉक्टरांनी पुढचा डोस लांबवणं वेगळं आणि उपचार सोडून घरी जाणं वेगळं. उपचाराविना तीव्र ल्युकेमिया काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जीव घेतो.

सोड्याचं काय? पोटात घेतलेल्या सोड्याने रक्तातली बुरशी मरत नाही. रक्ताचा पीएच (आम्लतेचं माप) ७.३५ ते ७.४५ मध्येच राहावा याची काळजी फुप्फुसं आणि किडन्या घेतात, आणि त्या पीएचला कॅन्डिडा मजेत वाढते. गंमत म्हणजे सोडा कॅन्सर वॉर्डात असतोच! मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध किडनीत साचू नये म्हणून तो सलाइनमधून देतात. बुरशीशी त्याचा संबंध नाही.

बुरशीवर औषध तिची जात बघून ठरतं. कॅन्डिडावर चालणारं कॅस्पोफंजिन ट्रायकोस्पोरॉनवर फुकट जातं, तिथे व्होरिकोनॅझोल लागतं; ऱ्होडोटोरुला फ्लुकोनॅझोलला जुमानत नाही, तिला अँफोटेरिसिन बी. बहुतेक वेळा लाइनही काढावी लागते. म्हणून तर ताप आला की रक्तात कोणता जंतू वाढतो ते बघायला कल्चरच्या बाटल्या भरतात.

राहिलं प्रोबायोटिक. दुकानात मिळणाऱ्या काही पुड्यांत सॅकरोमायसिस बौलार्डी असते. ती यीस्ट आहे, म्हणजे बुरशीच. पुडी फोडताना उडालेली पूड हाताला लागून लाइनवाटे रक्तात गेल्याच्या नोंदी आहेत. युरोपीय औषध नियामकाने २०१७ मध्ये सेंट्रल लाइन असलेल्या रुग्णांसाठी ती निषिद्ध ठरवली. डॉक्टरांना न विचारता ही पुडी मुलाच्या खाटेजवळ फोडूसुद्धा नका.