अमेरिकेत आरोपी होण्यापूर्वी

परवा दोन दिवस मी कॅलिफोर्नियातल्या एका कोर्टात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून न्यायदान केलं. म्हणजे ज्युरी ड्यूटी : आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला साध्या नागरिकांना बोलावतात, ती. साठेक माणसं, बंद पडलेलं कॉफीचं मशीन आणि टीव्हीवर नागरिकाच्या पवित्र कर्तव्याचा व्हिडिओ. पहिल्या दिवशी आम्हाला आत नेऊन आरोप वाचून दाखवला : चोरी. आरोपी विशीतला पोरगा, अंगात कुणाचा तरी मागून आणलेला कोट, खांद्यावरून ओघळणारा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही बाहेर ताटकळलो. मग जजबाईंनी आत बोलावून आभार मानले. पोरानं गुन्हा कबूल केला होता. ‘तुम्ही बाहेर बसला होतात म्हणूनच हे मिटलं,’ असं त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

दोन पदव्या घेतल्या, नागरिकत्वाची परीक्षा दिली, झेंड्यासमोर शपथ घेतली, आणि शेवटी झालो काय, तर शेतातलं बुजगावणं. मानधन पहिल्या दिवसाचं शून्य, दुसऱ्या दिवसाचे १५ डॉलर. पार्किंगचं विचारू नका.

तर या तपश्चर्येतून मिळालेलं ज्ञान मी मंडळाच्या गणपतीत ‘आपल्याकडे नुसत्या तारखा पडतात, इथं कसं कायदा म्हणजे कायदा!’ म्हणणाऱ्या सर्वांना अर्पण करतो. वेळ काही सांगून येत नाही. जपून ठेवा.

सर्वात आधी, श्रीमंत असा. हे जमलं तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

गप्प राहायचं असेल तर तसं मोठ्यानं सांगा. १९६६ च्या मिरांडा निकालापासून पोलिसांना चौकशीआधी ऐकवावा लागणारा मौनाचा हक्क आपल्याला सिनेमे बघून पाठ आहे. पण मिशिगनमधला एक आरोपी पोलिसांपुढे पावणेतीन तास जवळजवळ गप्प बसला आणि शेवटी एका प्रश्नाला ‘हो’ म्हणाला, तेव्हा २०१० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बाबा रे, हक्क हवा होता तर बोलायचं होतंस. मौनव्रताची आधी दवंडी पिटावी लागते.

चोरायच्याच असतील तर गोल्फच्या काठ्या चोरू नका. कॅलिफोर्नियात एकानं तीन चोरल्या. आधीचे गुन्हे नावावर होते, ‘थ्री स्ट्राइक्स’, म्हणजे तिसऱ्या गुन्ह्याला जबर शिक्षा देणारा कायदा १९९४ पासून होताच. २५ वर्षं ते जन्मठेप. २००३ साली सुप्रीम कोर्टालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. पुढे २०१२ साली मतदारांनीच तो कायदा जरा सैल केला. काठ्या कुणाकडे गेल्या कोण जाणे.

वकिलाची काळजी नको, परवडत नसेल तर फुकट मिळतो. क्लॅरेन्स गिडियन नावाच्या फाटक्या माणसानं फ्लोरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलीनं अर्ज खरडला, म्हणून १९६३ पासून हा हक्क साऱ्या देशाला मिळाला. त्याच्यावर पुन्हा खटला चालला, या वेळी वकील होता, आणि तो सुटला. तेव्हा खिसा रिकामा असेल तर तुम्हालाही पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारी खर्चाचा बचावाचा वकील, मिळेलच. फक्त तोच वकील आणखी ढीगभर लोकांना मिळालेला असतो, एवढं समजून घ्या.

आणि सर्वात महत्त्वाचं : खटला मागू नका. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपली. पण तिच्यावर अख्खी व्यवस्था उभारावी ती अमेरिकेनंच. २०१८ साली फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टांत जेमतेम २ टक्के आरोपींचा खटला उभा राहिला. ९० टक्क्यांनी सरळ गुन्हा कबूल केला. राज्यघटनेत ज्युरीचा हक्क आहे ना? आहे की! देवघरातल्या चांदीच्या भांड्यांसारखा. बघायचा, वापरायचा नाही. केंटकीत पॉल हेझवर ८८ डॉलर ३० सेंटच्या खोट्या चेकचा आरोप होता. सरकारी वकील म्हणाला, कबूल कर, पाच वर्षं मागतो. नाहीतर सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो. हेझनं खटला मागितला. जन्मठेप! १९७८ साली सुप्रीम कोर्ट पाच विरुद्ध चार मतांनी म्हणालं, यात घटनेचा भंग नाही. आपल्या भाजीवाल्यानं अशी घासाघीस केली तर आपण चार गल्ल्यांत त्याचं नाव खराब करू.

आणि कलीफ ब्राउडर. २०१०, न्यूयॉर्कमधलं ब्राँक्स. वय सोळा. आरोप : कुणाची तरी पाठपिशवी चोरली. जामीन ३००० डॉलर, घरच्यांना जमला नाही. रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षं, त्यातली जवळपास दोन एकांतकोठडीत. कबूल कर नि आजच घरी जा, इथपर्यंत सांगून झालं. पोरगा म्हणत राहिला, मी केलंच नाही, खटला चालवा. २०१३ साली केस काढून टाकली. खटला झालाच नाही. २०१५ साली त्यानं जीव दिला. बावीस वर्षांचा होता.

यावर विनोद सुचत नाही.

आता तुमच्याबद्दल. ‘काहीतरी केलं असेलच, उगाच कोण पकडतं?’ हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर उच्चारू नका. पगाराच्या वाटाघाटी इंग्रजीत तास तासभर करता आणि ज्युरीचा फॉर्म आला की ‘इंग्रजी येत नाही’ म्हणून खूण करता. वर ती युक्ती ग्रुपवर टाकता, खाली हसरे चेहरे! सरकारी वकील इथं बहुतेक राज्यांत निवडून येतो. कुठलं कलम लावायचं, किती भीती घालायची, हे तोच ठरवतो. मतपत्रिकेवर त्याच्या नावापर्यंत पोचता का कधी? नाव तरी सांगा. मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं, म्हणून जास्त चिडलोय.

बाहेर पडताना तो कोटवाला पोरगा लिफ्टपाशी आईबरोबर दिसला. कोट काढून हातावर घेतला होता. त्यानं चोरी केली होती की नाही, मला कळलं नाही. दोन दिवस मी तेवढ्यासाठीच बसलो होतो.