‘सरकारपुढे हात न पसरलेल्या’ अमेरिकी शेतकऱ्याविषयी

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आतेभावाने एक लांबलचक संदेश पाठवला. चाळीस वर्षे साडेचार एकर कोरडवाहू जमीन कसलेल्या माझ्या वडिलांनी तो दोनदा वाचला आणि मला विचारले, “हे खरं आहे का रे?” संदेशाचे म्हणणे असे की, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे गेलेल्या वसाहतकऱ्यांनी निर्मनुष्य माळरान घाम गाळून पिकवले, वाटेत रेड इंडियनांच्या हल्ल्यांत त्यांची हजारो माणसे मारली गेली, तरीही त्यांनी सरकारपुढे कधी हात पसरला नाही, आपला शेतकरी मात्र कर्जमाफीची वाट पाहत बसतो. शेवटचे वाक्य नसते, तर मी उत्तराच्या फंदात पडलो नसतो.

आधी ‘निर्मनुष्य’ या शब्दाचे पाहू. पश्चिमेकडचा प्रदेश धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या सरकारी मोहिमेने १८०४-०५ चा हिवाळा मिसूरी नदीकाठी, मँडन या मूळनिवासी लोकांच्या गावांशेजारी काढला. मँडन मातीने लिंपलेल्या मोठ्या गोल घरांत राहत आणि मका पिकवत. मोहिमेजवळचे धान्य पुरेना, तेव्हा लोहाराने जळून निकामी झालेल्या शेगडीचा पत्रा कापून विकायला काढला. चार इंची चौकोनी तुकड्याला सात-आठ गॅलन, म्हणजे सुमारे तीस लिटर मका मिळत असे, अशी नोंद खुद्द लुईसच्या रोजनिशीत ६ फेब्रुवारी १८०५ च्या पानावर आहे. ज्या प्रदेशात पाहुण्यांना पुरवून उरेल इतके धान्य कणग्यांत होते, त्याला निर्मनुष्य कोणत्या तोंडाने म्हणायचे? ही गावे पुढे १८३७ च्या देवीच्या साथीने जवळजवळ रिकामी केली.

आता सरकारी मदत. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी सही केलेल्या होमस्टेड कायद्याने कुटुंबप्रमुखाला किंवा एकवीस वर्षांवरील व्यक्तीला, अगदी नागरिक होऊ इच्छिणाऱ्या परदेशी स्थलांतरितालाही, किरकोळ नोंदणी शुल्कात १६० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली; पाच वर्षे तिथे राहून ती कसायची, एवढीच मुख्य अट होती. या कायद्याखाली एकूण सुमारे २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या भूभागाचा दहावा हिस्सा वाटला गेला. त्याच वर्षी रेल्वे कंपन्यांनाही रुळांलगतच्या जमिनी आणि सरकारी कर्जरोखे मिळाले. याला मदत म्हणायचे नसेल, तर कशाला म्हणायचे ते संदेशकर्त्याने सांगावे.

शिवाय वाटायला एवढी जमीन सरकारने आणली कुठून? लकोटा या मूळनिवासी लोकांचे उदाहरण पुरेसे आहे. १८६८ च्या करारात ब्लॅक हिल्सचा डोंगराळ प्रदेश कायमचा त्यांचा असल्याचे सरकारने लिहून दिले; १८७४ मध्ये लष्करी मोहिमेला तिथे सोने सापडले आणि १८७७ मध्ये कायदा करून तो प्रदेश काढून घेतला गेला. हे कोणा आंदोलकाचे म्हणणे नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये ही जमीन सरकारने घेतल्याचे आणि तिची रास्त भरपाई देणे लागत असल्याचे मान्य करून व्याजासह दहा कोटी डॉलरांहून अधिक रकमेवर शिक्कामोर्तब केले. लकोटांनी ते पैसे नाकारले. त्यांना जमीन हवी आहे.

हल्ल्यांचा मुद्दा थोडक्यात: १८४० ते १८६० या काळात पश्चिमेच्या वाटेवर मूळनिवासींच्या हातून ३६२ प्रवासी मेले आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूळनिवासी, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. हजारो बळी गेले ते प्रामुख्याने पटकीसारख्या रोगांनी.

त्या माणसांचे कष्ट खरे होते, हे मात्र नाइलाजाने नव्हे, तर मनापासून मान्य करतो. लाकूड नव्हते म्हणून गवताच्या मुळांनी घट्ट झालेल्या मातीच्या विटा कापून त्यांनी घरे बांधली, आणि पुष्कळांना पाच वर्षे पुरी होण्याआधीच जमिनीवरचा दावा सोडावा लागला. १८७४ च्या उन्हाळ्यात टोळधाडीने कॅन्सस-नेब्रास्कातली उभी पिके फस्त केली, तेव्हा याच ‘स्वावलंबी’ शेतकऱ्यांसाठी लष्कराने आपल्या कोठारांतले ओव्हरकोट, बूट आणि ब्लँकेटे वाटली, आणि पुढच्या फेब्रुवारीत संसदेने अन्नासाठी दीड लाख डॉलर मंजूर केले.

हे वडिलांना सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “पंचनामे किती दिवसांत झाले?”